'सीझनल' कोण?

अकलूजच्या परिसरात 'सीझन' म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास गव्हाणीत मोळी पडते, उन्हाळ्याच्या तोंडाशी गाळप संपते. साखर कारखान्यातील पुष्कळ कामगारांना याच शब्दावरून झालेले विशेषण लागते : 'सीझनल'.

हे इंग्रजी विशेषण मुळात लॅटिन आहे. 'सेरेरे' म्हणजे पेरणे. त्यावरून 'सातिओ', म्हणजे पेरणी. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि पेरणीच्या काळावरून कोणत्याही ऋतूपर्यंत त्याचा अर्थ विस्तारला. आपला 'हंगाम' फारसी. त्यात केवळ काळ आहे. इंग्रजी शब्दाच्या पोटात मात्र पेर आहे.

पेरणी एका दिवसात आटोपत नाही. आडसाली उसाची लागण करणारा जवळजवळ दीड वर्ष वाट पाहतो, आणि ते वाट पाहणे शेतीचाच भाग आहे, हे आपण मानतो. कामगाराच्या बाबतीत कायदा तसे मानत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने कायम कामगाराला दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन दिले. हंगामी कामगाराला दर हंगामामागे ७ दिवसांचे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हेच प्रमाण राखले. निम्मे काम, निम्मा मोबदला : अंकगणित बिनचूक दिसते. परंतु पुढच्या हंगामाला हाच अनुभवी फिटर हवा असतो. मधले महिने त्याने मिळेल ते काम करून स्वतःला कारखान्यासाठी राखून ठेवायचे. त्या प्रतीक्षेचे थोडे मोल रिटेन्शन भत्त्यात धरले जाते. म्हातारपणाच्या हिशेबात ते गळून पडते.

गेटाबाहेर तर याहून वाईट. मुकादमाकडून उचल घेऊन आलेले ऊसतोड करणारे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजले जातात. कारखान्याच्या मस्टरवर त्यांचे नाव नसते. त्यांच्या वाट्याला विशेषणही येत नाही. अवजाराचे नाव तेवढे येते.

हंगामी असते ते गाळप. माणसाची भूक, मुलांची शाळा आणि घराचे भाडे बारमाही असते. म्हणून कार्यकर्त्यांनी मागणीपत्रात 'हंगामी कामगार' न लिहिता 'हंगामी उद्योगातील कामगार' असे लिहावे. त्याची ग्रॅच्युइटी वर्षाच्या हिशेबाने मागावी, आणि कोयत्यातील स्त्रीची स्वतंत्र नोंद व स्वतंत्र मजुरी मागावी. पेरणीचे नाव ज्याला दिले, त्याला पिकातला वाटाही मिळाला पाहिजे.