वासे फिरू नयेत म्हणून

पनवेलजवळ नेरे परिसरात फार्महाऊस बांधू पाहणारे ओळखीचे लोक हल्ली मला एकच प्रश्न विचारतात. पातळ पोलादी सांगाड्याचं घर बांधावं का? माझं उत्तर 'बांधा' असतं. पण लगेच मी उलट विचारतो, "वरच्या मजल्याची जमीन भिंतीला कशी धरली आहे?" यावर बहुतेकांचा चेहरा कोरा असतो. फरशी कुठली, रंग कुठला, हे मात्र सगळं ठरलेलं असतं!

या घरांचा पत्रा दोन-एक मिलिमीटरपर्यंतच जाड असतो. तो गरम न करता वाकवून इंग्रजी 'सी' अक्षरासारखी पट्टी बनते. तिचा उभा खांब होतो आणि तीच आडवी कडीही. पट्टी सरळ असते तोवर तिच्यात बळ असतं, पण एका टोकाला भार टोचला की पातळ पत्रा चुरगळतो. म्हणूनच कडी खालच्या भिंतीवर टेकते आणि तिच्यावर वरची भिंत उभी राहते, तिथे कडीच्या टोकाला जादा तुकडा बसवून आधार द्यावा लागतो. खालचा खांब, कडी आणि वरचा खांब एका ओळीत यावे लागतात. कडी भिंतीच्या आतल्या अंगाला टांगली, तर चुरगळण्याचा धोका कमी होतो, पण भार खांबाच्या मध्यावर न पडता बाजूला पडतो आणि खांब वाकू पाहतो. फुकट काहीच मिळत नाही!

आणि हा सांधा नुसता वजनच पेलत नाही. वारा किंवा भूकंप आडवा ढकलतो, तेव्हा जमिनीचा पाट तो धक्का भिंतींना वाटून देतो. सांधा सुटला की प्रत्येक भिंत एकटी पडते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हेच दिसलं. तिथे पोलाद नव्हतं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती होत्या, वर मातीचं जड माळवद होतं, आणि त्यांना एकत्र बांधणारं फारसं काही नव्हतं. हजारो माणसं गेली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडात आलं, तेव्हा किती घरांचे पत्रे उडाले! पत्रा मोडला नव्हता, त्याची पकड सुटली होती.

पोलादाला मी नावं ठेवत नाही. हलकं घर भूकंपात कमी धक्का खातं, आणि २०२१ साली पायाभरणी झालेल्या केंद्राच्या आगरतळ्यातील प्रकल्पात हेच तंत्र निवडलं होतं. पण कोकणच्या पावसात जस्ताचा थर कापलेल्या कडांपाशी, स्क्रूपाशी आधी हरतो, आणि सांधा झाकून टाकल्यावर तो कोणाला दिसतही नाही.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. फरशी निवडण्याआधी त्या सांध्याचा नकाशा मागा आणि भिंत बंद करण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवा. कंत्राटदार वैतागला तर वैतागू दे. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इमारतीत मात्र उलटं असतं, आधी वासे फिरतात.