चिखल होऊ द्या!

सेलवासकरांनो, पाऊस ओसरलाय. दिवाळीच्या आत घर लख्ख करायची घाई इमारतीइमारतीत सुरू झाली आहे. आमली घ्या, सामरवरणी घ्या, नाहीतर नरोली रोड, दिवस वर आला की कटरची ती किंकाळी कानावर येतेच. मोरबीच्या टाइल्स, ओट्याला ग्रॅनाइट, जिन्याला कोटा. आवाजाची माझी तक्रार नाही, चार दिवस कुणीही सोसेल. तक्रार आहे ती त्या आवाजामागून जिन्यात उतरणाऱ्या पांढऱ्या धुराची. तो धूर नसतो, दळलेला दगड असतो. म्हणून हात जोडून मागणं एवढंच, की आपल्या घरात लादी कोरडी कापू देऊ नका. दिवाळीनंतर बघू, असं नको. काम चालू असेल तर आत्ता उठून थांबवा.

हे मिस्त्रीला न सांगता घरमालकाला सांगतोय, कारण पाणी लावून कापायचं असतं हे मिस्त्रीला ठाऊक असतं. पाणी नको म्हणणारे बहुतेक वेळा आपणच. मीही म्हटलंय. तीन वर्षांपूर्वी ओटा बदलला तेव्हा भिंतीचा रंग ताजा होता. ‘चिखल नको, कोरडंच काप,’ असं मी सांगून मोकळा झालो. मिस्त्रीने एकदा माझ्याकडे पाहिलं, गमछा नाकावर ओढला आणि बटण दाबलं. लादी धरायला खानवेलकडचा एक पोरगा होता. दुपारी तो डबा उघडून बसला तेव्हा त्याच्या पापण्या पिठाच्या गिरणीवाल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. भाकरीवर फुंकर मारून तो खात होता. मी त्याला तांब्याभर पाणी दिलं, प्यायला. तेच सकाळी पात्यावर दिलं असतं तर!

ग्रॅनाइटचा साधारण चौथा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, क्वार्ट्झ म्हणजे सिलिका असते. कोटा चुनखडीचा असला तरी त्यात सिलिका असते, टाइल्समध्येही असते. आणि हल्ली ओट्यासाठी जो कारखान्यात बनवलेला ‘क्वार्ट्झ’ मिरवतो, त्यात तर नव्वद टक्क्यांच्या वर. त्यापायी इतके कारागीर आजारी पडले की ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्या दगडावर बंदीच घातली. जी धूळ दिसते ती शिंकेवाटे तरी बाहेर पडते. न दिसणारी थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथे व्रण धरतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. औषध नाही. काम सोडलं तरी तो वाढू शकतो, आणि क्षयाला दार उघडून देतो ते वेगळंच.

लांबचं कशाला, गोध्र्याचं घ्या. तिथल्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत अलीराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी मजुरीला जायचे आणि खोकत गावी परतायचे. त्यांतल्या 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला 2016 मध्ये गुजरात सरकारला सांगावं लागलं. आपल्याकडे लादी धरायला येणारी वारली, कोकणा पोरं त्याच वाटेवर उभी आहेत. फरक इतकाच, की त्यांचा कारखाना म्हणजे आपलं स्वयंपाकघर. आज या घरी, उद्या त्या घरी, मग हिशेब कोण ठेवणार?

पाणी करतं काय, तर धूळ उडण्याआधीच, पातं दगडाला भिडतं तिथेच, तिला धरून खाली बसवतं. म्हणून धार सलग हवी आणि बटण दाबायच्या आधीपासून हवी. कापून झाल्यावर लादीवर शिंपडलेलं पाणी काही कामाचं नाही. आपल्याकडची तऱ्हा अशी, की बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पोरगा पात्याजवळ वाकतो आणि धार धरतो. चार इंची पातं मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं, म्हणजे त्याची कड ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास पळते आणि पोराची बोटं तिच्यापासून वीतभरही नसतात. त्यापेक्षा कटरला पाण्याची नळी जोडायची सोय असेल तर ती वापरायला लावा. जास्त लाद्या असतील तर खाली पाण्याची ताटली असलेलं टेबल कटर भाड्याने आणायला सांगा. काम गच्चीत किंवा अंगणात काढा.

आता पाणी आलं की विजेचं भय आलं, आणि हे भय खरं आहे. आमच्याच इमारतीत गेल्या आठवड्यात पाहिलं. कटरच्या वायरीला प्लगच नाही. दोन उघडी टोकं सॉकेटात खुपसलेली, वर काडेपेटीच्या दोन काड्या ठोकलेल्या. एक्स्टेंशन बोर्ड चिखलात, मिस्त्री अनवाणी. विचारलं तर म्हणे, ‘एमसीबी आहे ना साहेब!’ अहो, एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. माणूस वाचवायला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. ती आपल्या बोर्डात आहे का, आजच बघा. असली तर तिचं टेस्टचं बटण दाबा. खटका पडला नाही तर ती नुसती शोभेची. काम सुरू व्हायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन पिनांचा धड प्लग, बोर्ड उंचावर कोरड्यात, मिस्त्रीच्या पायात रबरी बूट. वायरीला प्लगच्या खाली जरा झोळ सोडा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारा थेंब प्लगपर्यंत न जाता तिथेच गळेल. आणि कुणी चिकटलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा, मग 108.

पात्यावरचं कव्हर काढलेलं दिसलं तर काम सुरूच करू देऊ नका. लाकडाचं दातेरी पातं दगडाच्या कटरला लावणारे महाभाग आहेत, त्यांना जिन्यावरूनच परत पाठवा. गळ्यात लोंबता गमछा नको. डोळ्यांवर चष्मा हवाच. पाणी असलं तरी तोंडावर एन-95 हवा, रुमालाने ही धूळ अडत नाही.

राहिला चिखल. तो ओला असतानाच फडक्याने उचला, कारण वाळला की झाडूच्या पहिल्या फटक्याला परत धूळ. बादलीत निवळू द्या, खाली बसलेला गाळ गोणीत भरा. मोरीत ओतलात तर पाइप तुंबतील आणि प्लंबरचं बिल टाइल्सच्या बिलाशी स्पर्धा करील.

मिस्त्री आणि मजूर भावांनो, खोकला हटत नसेल, जिना चढताना दम लागत असेल, तर सरकारी हॉस्पिटलात जा आणि डॉक्टरांना विचारायची वाट न पाहता सांगा, की मी इतकी वर्षं दगड कापतो. हे एक वाक्य न सांगितल्यामुळे क्षयाच्या गोळ्या खात राहिलेली माणसं आहेत.

आणि घरमालकांनो, तुमचा मिस्त्री उद्या सकाळी येईल. आज रात्रीच कपाटांवर प्लास्टिक टाका आणि नळाला पाइप जोडून ठेवा. त्याने ‘साहेब, चिखल होईल,’ म्हटलं तर म्हणा, होऊ दे.