पितरांना वाट दाखवणारी दिवाळी

२०२४ साली पंचांगाने गंमत केली. नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या दिवशी आली. पहाटे मानखुर्दच्या आमच्या इमारतीत उंबऱ्याउंबऱ्यावर कारिटं फुटली आणि संध्याकाळी त्याच जिन्यावरून काळ्या कपड्यांवर पांढरी हाडं रंगवलेली पोरं दारोदार खाऊ मागत हिंडली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे चॉकलेटं नव्हती, त्यांनी शंकरपाळे दिले. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र रात्रीपर्यंत तोफा डागल्या जात होत्या: ऐन दिवाळीत ही परदेशी भुतंखेतं हवीत कशाला?

परदेशी, हे कबूल. पण दिवाळीत भुतं कशाला, हे विचारणाऱ्याने जुनी दिवाळी पाहिलेली नाही.

आधी त्यांचं बघू. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा 'साउइन' हा सण १ नोव्हेंबरच्या सुमारास येई. गुरं उन्हाळी कुरणांवरून खाली आणायची, हिवाळाभर पोसणं जमणार नाही ती कापायची, वर्षाचा अंधारा अर्धा सुरू. त्या रात्री पलीकडच्या जगाची दारं उघडतात, असं आयरिश कथा सांगतात. पण त्या लिहून ठेवल्या ख्रिस्ती मठांतल्या साधूंनी, कित्येक शतकांनी. त्यामुळे त्या रात्रीचा विधी डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगणारा भेटला, की मी विषय बदलतो. पुढचं बरंचसं पक्कं आहे. नवव्या शतकात १ नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस म्हणून रुजला. क्लूनीच्या मठाचे प्रमुख ओडिलो यांनी २ नोव्हेंबर सगळ्या मृतात्म्यांसाठी राखला. मग इंग्लंडात गोरगरीब दारोदार जाऊन छोटे केक मागू लागले आणि बदल्यात त्या घरातल्या मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करू लागले. आमच्या जिन्यातल्या पोरांचे पूर्वज हे! हॅलोविनचा कंदील आधी सलगमाचा असे. भोपळा मिळाला तो अमेरिकेत गेल्यावर. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलच्या अशा एका सलगमाची प्रतिकृती आहे. खोल डोळे, विचकलेले दात. त्याच्यापुढे भोपळा अगदीच गोंडस. आणि भोपळ्याला हसण्याआधी, नव्या दुकानाच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून टांगलेला आपला कोहळाही आठवावा.

आता आपलं. कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' १६१२ सालचा. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' अठराव्या शतकाच्या शेवटचा. हे ग्रंथ म्हणजे कुठल्या तिथीला काय करायचं याचा निवाडा. त्यांत दिवाळीला उल्कादान सांगितलं आहे. महालयात, म्हणजे पितृपक्षात आलेले पितर आता परत निघालेत, तेव्हा चतुर्दशी-अमावास्येच्या संध्याकाळी पेटत्या चुडी हातात धरून त्यांना वाट दाखवायची. चतुर्दशीला यमाच्या चौदा नावांनी तर्पण. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री बायकांनी सुपं आणि वाद्यं बडवत अलक्ष्मीला घराबाहेर हाकलायचं. जाळ, गोंगाट आणि घरी परतणारे मेलेले: ३१ ऑक्टोबरला लागणारा सगळा सरंजाम.

यावरून लगेच 'हॅलोविन भारतातून गेला' असा फॉरवर्ड कुणी तयार करू नये. सुगी संपते, रात्र वाढायला लागते, अशा वेळी गेलेल्यांची आठवण व्हायला कुणाची उसनवारी लागत नाही.

उरलंय काय? मानखुर्द स्टेशनबाहेर एक मावशी दरवर्षी टोपली घेऊन बसतात. उटण्याच्या पुड्या, केरसुण्या आणि एका बाजूला कारिटांचा ढीग. बोराहून जरा मोठी, हिरव्या पट्ट्यांची, पावसाळ्यात बांधावर आपोआप माजणाऱ्या वेलीची फळं. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फट्‌कन फुटतं, रस जिभेला लावला की नरकासुर खरोखर कडू होता याची खात्री पटते. मावशींकडे गिऱ्हाईक आहे, कारण नरकासुर मारायला सगळ्यांना आवडतो. पितरांना मात्र आपण भाद्रपदाच्या पंधरवड्यात कोंडलं आणि तो पंधरवडाच अशुभ ठरवून टाकला. त्यात साधा मिक्सर घ्यायचा तरी लोक बिचकतात. तर्पणाला वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं लागतात. तिसऱ्या नावासाठी ग्रुपवरच्या निम्म्या संस्कृतिरक्षकांना गावी फोन लावावा लागेल. तिकडेही वेगळं नाही. प्लास्टिकच्या कवट्या मागवणाऱ्याला केकच्या बदल्यातली प्रार्थना कुठे ठाऊक असते?

मुंबईत गेलेल्यांना आठवायचं काम अजून मनापासून करतात ते ख्रिस्ती. २ नोव्हेंबरला वांद्र्यापासून वसईपर्यंत दफनभूमीत कबरी धुऊन-पुसून फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात, फादर येऊन आशीर्वाद देतात. २०२४ ला तोच दिवस पाडव्याचा होता. माझा वांद्र्याचा एक ईस्ट इंडियन मित्र आजोबांच्या कबरीवर फुलं ठेवून थेट आमच्याकडे फराळाला आला. दोन चकल्या होईपर्यंत आजोबांचं भाताचं शेत कुठल्या टॉवरखाली गेलं ते सांगून झालं. तिसऱ्या चकलीला त्यांनी ते किती स्वस्तात विकलं यावरून तो त्यांच्याशीच भांडायला लागला.