सॅकवरचं उसनं पान

सॅकवर मेपलचं लाल पान शिवलेला प्रवासी कॅनडाचाच असेल असं नाही, हे युरोपात हिंडणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत अमेरिकी तरुणांनी आपली ओळख लपवायला ही युक्ती काढली. २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा ती पुन्हा निघाली, आणि २०२५ मध्ये आणखी एकदा. या खेपेला अडचण अशी, की ज्यांचं पान उसनं घ्यायचं तेच भडकलेले. डोनाल्ड ट्रम्प यांनी आयातशुल्काचा बडगा उगारला, कॅनडाला अमेरिकेचं ५१ वं राज्य म्हणायला सुरुवात केली, आणि फेब्रुवारीत ओटावापासून माँट्रियलपर्यंत हॉकीच्या सामन्यांत अमेरिकी राष्ट्रगीत सुरू झालं की प्रेक्षक हुर्यो उडवू लागले. 'सॉरी' म्हटल्याशिवाय ज्यांचं वाक्य पुरं होत नाही, अशी ज्यांची ख्याती, ते हे शेजारी. (हाही एक शिक्काच, म्हणा.)

पान लावणाऱ्याची भीती समजू शकते. त्याचा हिशेब मात्र चुकतो. परदेशात अमेरिकी माणसाच्या वाट्याला येणारा राग एका जातीचा नसतो.

त्यातला बराचसा राग निव्वळ वागण्यावरचा. मोठ्यानं बोलायचं, पाण्यात बर्फ हवाच म्हणून हटून बसायचं, समोरच्याला इंग्रजी कळलं नाही की तेच वाक्य आणखी वरच्या पट्टीत म्हणायचं. गंमत म्हणजे हे चित्र रंगवलं ते अमेरिकी लेखकांनीच. मार्क ट्वेन १८६७ मध्ये 'क्वेकर सिटी' या आगबोटीतून युरोप आणि पवित्र भूमीच्या सहलीला गेला. दोन वर्षांनी आलेल्या त्याच्या पुस्तकात, प्राचीन वास्तूंचे टवके काढून आठवण म्हणून खिशात घालणाऱ्या सहप्रवाशांची त्यानं यथेच्छ टर उडवली आहे. १९५८ च्या 'द अग्ली अमेरिकन' कादंबरीनं तर या शिक्क्याला नावच मिळवून दिलं. मात्र त्या कादंबरीतला कुरूप माणूस भला आहे. तो एक अभियंता. गावकऱ्यांमध्ये राहून सायकलच्या जोरावर चालणारा पंप बनवतो. राजधानीत बसून स्थानिक भाषेचा गंधही नसलेले देखणे मुत्सद्दी हे कादंबरीचं खरं लक्ष्य होतं. पुस्तक न वाचता नाव वापरणाऱ्यांनी सगळंच उलटं करून ठेवलं.

वागण्यावरच्या शिक्क्यातून भारतीयही सुटलेले नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या ग्श्टाडच्या एका हॉटेलानं खास भारतीय पाहुण्यांसाठी सूचनाफलक लावला होता: नाश्त्याचे पदार्थ बांधून नेऊ नका, बाल्कनीत आवाज करू नका. २०१९ मध्ये मुंबईचे उद्योगपती हर्ष गोएंका यांनी त्याचा फोटो प्रसिद्ध केला, तेव्हा निम्मे लोक हॉटेलवर संतापले आणि निम्मे आपल्याच सहलीतल्या मंडळींना आठवून खजील झाले. असा राग आवाज खाली आणला की बहुतेक वेळा निवतो. त्यासाठी दुसऱ्याचा झेंडा लागत नाही.

सरकारवरचा राग वेगळा. तो चांगल्या वागण्यानं कमी होत नाही. 'प्यू' या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहणीत २००३ मध्ये इंडोनेशियातल्या अवघ्या १५ टक्के लोकांचं अमेरिकेविषयी मत अनुकूल होतं. २००५ मध्ये ते ३८ टक्क्यांवर गेलं. मधल्या काळात तिथं कुणी विशेष शालीन पर्यटक उतरले नव्हते. डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली होती आणि अमेरिकी नौदलाची हेलिकॉप्टरं आचेच्या किनाऱ्यावर अन्नपाणी उतरवत होती.

आणि एक राग जिवावर उठणारा. २६/११ च्या रात्री मुंबईच्या हॉटेलांत शिरलेले दहशतवादी अमेरिकी आणि ब्रिटिश पासपोर्टवाले कोण, असं विचारत होते, हे त्यातून वाचलेल्यांनीच सांगितलं. त्या हल्ल्यात सहा अमेरिकी मारले गेले. वडिलांबरोबर ध्यानशिबिरासाठी आलेली तेरा वर्षांची मुलगी त्यांतली एक. अशा क्षणी कुणी आपली ओळख लपवली तर त्याला बोल लावणारे आपण कोण? पण याच टोळीतल्या दोघांनी सीएसटीवर लोकलची, गावच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांना काहीही न विचारता गोळ्या घातल्या. कॅफेतल्या टोमण्याला घाबरून पान लावणाऱ्यानं स्वतःची गणना या बळींमध्ये करू नये.

उलटा अनुभव हवा असेल तर इराणकडे पाहावं. १९७९ मध्ये तेहरानच्या वकिलातीत ओलीस धरलेल्या ५२ अमेरिकींना ४४४ दिवस डांबून ठेवणारा हा देश. तिथंच फेब्रुवारी १९९८ मध्ये अमेरिकी पैलवान ताख्ती चषकासाठी उतरले आणि कुस्तीवेड्या प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. प्रवासलेखक रिक स्टीव्ह्स २००८ मध्ये तेहरानच्या कोंडीत अडकले होते, तेव्हा त्यांचा चालक वैतागून 'ट्रॅफिक मुर्दाबाद' म्हणाला. मुर्दाबाद तर अमेरिकेला म्हणतात ना, असं त्यांनी विचारलं. जे छळतं आणि ज्यापुढे इलाज चालत नाही त्या सगळ्याला आम्ही तसंच म्हणतो, असा त्याचा खुलासा होता.

सरकार वेगळं, माणसं वेगळी, हे इराणी माणूस मोठ्या मनानं मानतो. कारण आपल्याला आपल्या राज्यकर्त्यांवरून कुणी जोखू नये, असं त्यालाही वाटतं. अमेरिकी प्रवाशानं मात्र ही सवलत हक्कानं मागू नये. तेहरानच्या चालकाला आपलं सरकार बदलता येत नाही. ओहायोतल्या शिक्षकाला दर चार वर्षांनी अध्यक्ष निवडता येतो. त्यामुळे लिस्बनच्या एखाद्या टॅक्सीवाल्यानं 'तुम्ही हे का केलंत?' असं विचारलं तर तो वैरभाव नव्हे. तो मतदाराला विचारलेला प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर देणं बाकी असतं. 'मी त्यांना मत दिलं नव्हतं' हेही उत्तरच, निदान संभाषणाची सुरुवात तरी.

शिवाय पानाची सोय गोऱ्यांचीच; इतरांचा ओळखीचा प्रश्न एवढ्यानं सुटत नाही. कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन १९४८ मध्ये अमेरिकेतल्या वर्णद्वेषाला कंटाळून पॅरिसला गेला आणि आपण किती अमेरिकी आहोत हे त्याला तिथं उमगलं. न्यू जर्सीत जन्मलेल्या देशपांडे-कुलकर्ण्यांच्या मुलांची परदेशातली पंचाईत तर याच्या अगदी उलटी: अमेरिकेचा पासपोर्ट दाखवला तरी 'ते ठीक, पण मूळचे कुठले?' हा प्रश्न ठरलेला. त्यांच्या नाशिक-पुण्याच्या चुलतभावंडांना संशयाला तोंड द्यायला विमानात बसण्याचीही गरज पडत नाही. बँकेचे उतारे, नोकरीचं पत्र, परतीचं तिकीट, हे सगळं व्हिसाच्या खिडकीवर आधीच मांडावं लागतं. अमेरिकी पासपोर्टधारकाला पावणेदोनशेहून अधिक ठिकाणी ही खिडकी बघावीच लागत नाही. एवढ्या मोबदल्यात अधूनमधून एखादा टोमणा ऐकावा लागला, तर सौदा फार महाग म्हणता येणार नाही.

टोमण्याहून महाग सौदा कधीकधी मायदेशीच पडतो. १० मार्च २००३ रोजी, इराकवरच्या हल्ल्याला दहा दिवस उरले असताना, 'डिक्सी चिक्स' या अमेरिकी कंट्री बँडची गायिका नॅटली मेन्स लंडनच्या रंगमंचावरून म्हणाली, की अध्यक्ष बुश आमच्या टेक्ससचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. लंडनकरांनी टाळ्या वाजवल्या. मायदेशी मात्र कंट्री संगीत लावणाऱ्या रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली आणि लुइझियानात त्यांच्या सीडी ट्रॅक्टरखाली चिरडल्या गेल्या. २००७ मध्ये त्यांना पाच ग्रॅमी मिळाली. त्या रेडिओवरची जुनी जागा काही परत मिळाली नाही.