‘हेन’ म्हणजे कोंबडी?

बालमित्रांनो, ‘हेन’ म्हणजे काय?

“कोंबडी!” तुम्ही लगेच ओरडाल. इंग्रजीच्या तासाला हे उत्तर बरोबरच आहे. पण ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा चिमुकला डोंगराळ देश आहे. तिथल्या वेल्श भाषेत ‘हेन’ म्हणजे जुना किंवा म्हातारा! तिथला ‘प्लांट’ कुंडीत लावायचा नसतो, कारण ‘प्लांट’ म्हणजे मुलं. आणि ‘मोरॉन’ म्हणजे मूर्ख नव्हे हं, गाजरं! स्पेलिंग इंग्रजीसारखंच, अर्थ मात्र भलताच.

आता वेल्श आकडे ऐका. ‘त्री’ म्हणजे तीन, ‘साइथ’ म्हणजे सात, ‘नाउ’ म्हणजे नऊ, ‘देग’ म्हणजे दहा. ओळखीचे वाटतात ना? वाटणारच! वेल्श, इंग्रजी, संस्कृत आणि आपली मराठी या सगळ्या एकाच पुरातन भाषेच्या लेकी-नाती. म्हणजे वेल्श ही आपली दूरची मावशीच म्हणा ना!

या मावशीने फार सोसलंय. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या काही शाळांमध्ये वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवत. त्याला म्हणत ‘वेल्श नॉट’. दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं, की तो तुकडा त्याच्या गळ्यात जाई. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात तो असेल, त्याला शिक्षा! विचार करा, ‘आई, भूक लागली’ हे घरच्या भाषेत म्हणायचीही चोरी. आणि मित्रानेच मित्राला पकडून द्यायचं!

पण लोकांनी भाषा सोडली नाही. आया-आज्या घरात वेल्शच बोलत राहिल्या. १९८२ साली वेल्श भाषेची दूरदर्शन वाहिनी सुरू झाली. २०११ च्या कायद्याने वेल्शला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. २०२१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी ‘आम्हाला वेल्श बोलता येतं’ असं सांगितलं. आज तिथल्या रस्त्यांवर इंग्रजी ‘स्लो’बरोबर ‘आराव’ असंही रंगवलेलं दिसतं. त्याचा अर्थ तोच, सावकाश!

आता या आठवड्याचं काम. आजी-आजोबा बोलतात, पण तुमच्या पाठ्यपुस्तकात नाही, असा एक शब्द शोधा. अर्थ विचारून वहीत लिहा, आणि मुख्य म्हणजे तो वापरा! वहीत बंद राहिलेला शब्द झोपी जातो बरं का.

बरंय तर, ‘दिओल्ख’! म्हणजे? अहो, धन्यवाद!