सण, ग्रंथ आणि आठवड्याचा पाठ

ग्रंथामुळे ज्यू समाज टिकला, हे विधान इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. परदेशस्थ मराठी मंडळांच्या चर्चांतही ‘त्यांच्याकडे ग्रंथ होता, आपल्याकडे काय आहे?’ असा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो. मात्र या विधानाला छेद देणारा पुरावा मराठी भाषकांच्या अगदी जवळचा आहे. कोकणातील बेने इस्रायल समाज कित्येक पिढ्या ग्रंथावाचून टिकला, आणि तो सणांवर, आठवड्याच्या विश्रांतीवर व स्वयंपाकघरातील निषेधांवर टिकला. ग्रंथाचे कार्य टिकवून धरण्याचे नसून काही वेगळेच आहे, आणि परदेशातील मराठी समाजाला उणीव भासते ती नेमकी त्या दुसऱ्या कार्याची, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

प्रथम ग्रंथवाचनाची रीत पाहू. तोरा म्हणजे मोशेचे मानले जाणारे पाच ग्रंथ. त्यांचे 54 पाठ पाडलेले असून अशा प्रत्येक पाठाला पाराशा म्हणतात. दर शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या सकाळी, त्या आठवड्याचा पाराशा चर्मपत्राच्या हस्तलिखित गुंडाळीतून सभेत मोठ्याने वाचला जातो. गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हेही नसतात, त्यामुळे वाचणाऱ्याला आधी घरी तयारी करावी लागते. परंपरेनुसार दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय हे सार्वजनिक वाचन होत नाही. ज्यू पंचांगही चांद्र-सौर असल्यामुळे त्यात एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात (आपल्या अधिकमासासारखा तो फिरता नसतो, अदार या एकाच महिन्याशी जोडलेला असतो, एवढाच फरक), आणि ज्या वर्षी अधिक महिना नसतो त्या वर्षी काही आठवड्यांत दोन-दोन पाठ एकत्र वाचून हिशेब जुळवला जातो. शरद ऋतूतील सिम्हात तोरा या सणाला शेवटचा पाठ संपतो आणि त्याच बैठकीत उत्पत्तीचा पहिला अध्याय सुरू होतो. वाचन संपले, असे म्हणण्याची सोयच ठेवलेली नाही.

कोकणात यातले काहीही नव्हते. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, ही त्यांची परंपरागत कथा. तिचा काळ इतिहासकारांना निश्चित करता आलेला नाही. हिब्रू भाषा लोपली, ग्रंथ राहिले नाहीत. उरली ती ‘शेमा’ ही एकेश्वराची ग्वाही देणारी प्रार्थना, जी सुंतेपासून अंत्यविधीपर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई. तेलाचे घाणे चालवणाऱ्या या लोकांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. वर्षारंभाचा सण, ज्याला हिब्रूत रोश हशाना म्हणतात, तो ‘नव्याचा सण’ झाला. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस ‘बिरड्याचा सण’ म्हणून पाळला गेला, कारण त्या दिवसाचे ठरलेले जेवण बिरड्याचे. मंदिर कोणते आणि ते कोणी पाडले, हे सांगणारी पोथी घरात नसतानाही वालाला मोड आणण्याचा दिवस चुकला नाही. दाविद राहाबी नावाच्या परक्या ज्यू गृहस्थाने त्यांना ओळखले तेही, परंपरा सांगते त्याप्रमाणे, बायकांनी खवले व पर असलेले मासे तेवढे निवडून शिजवले म्हणून. कोणाच्या पाठांतरावरून नव्हे. सण आणि चूल यांची चिवटता किती, याचे यापेक्षा चोख उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मग ग्रंथाने अधिक काय दिले? नव्याच्या सणाला काय वाचले जाते, हे पाहिले की उत्तराची दिशा दिसते. वर्षाच्या पहिल्या दिवशी एखाद्या समाजाने आपल्या पूर्वजांचे पराक्रम वाचावेत, हे स्वाभाविक; परंतु रोश हशानाच्या पहिल्या दिवसासाठी नेमलेला उतारा आहे तो मूळपुरुष अब्राहामाने हागार या दासीला आणि तिच्यापासून झालेल्या स्वतःच्या मुलाला भाकर व पाण्याची पखाल देऊन वाळवंटात घालवून दिल्याचा. पखाल रिकामी होते, आई मुलाला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसते, आणि देव ऐकतो तो त्या हाकललेल्या मुलाचा आवाज. योम किप्पूर या कडक उपासाच्या दिवशी, दुपार उलटल्यावर, पोटात अन्नपाणी नसलेल्या सभेपुढे योना प्रेषिताचे पुस्तक वाचतात. त्यात परक्यांची निनवे नगरी एका दमात पश्चात्ताप करते आणि देवाचा स्वतःचा प्रेषितच त्यावर रुसून बसतो, शहर वाचले याच्या आनंदापेक्षा डोक्यावर सावली धरणारे झुडूप वाळल्याचे दुःख त्याला अधिक होते. सर्वांत पवित्र दिवशी आपल्याच प्रेषिताचा हा कोतेपणा चव्हाट्यावर मांडण्याची योजना ज्यांनी केली, त्यांचा नुसत्या सणाच्या उत्साहावर विश्वास नव्हता, असे म्हणावे लागते. सण समाजाला एकत्र आणतो आणि त्याला स्वतःबद्दल बरे वाटायला लावतो. नेमून दिलेला पाठ मात्र त्या एकत्र आलेल्या समाजाला अडचणीत टाकतो, आणि येथे ‘नेमून दिलेला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. निवड वाचकांच्या हाती असती तर वंशावळी, बळींचे तपशील आणि शापांचे अध्याय केव्हाच गळाले असते. शापांचे अध्याय अनेक ठिकाणी खालच्या आवाजात, भरभर वाचतात, पण वाचतात.

बेने इस्रायलांकडे हा ग्रंथ परतला तो मुंबईत. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये तेथे त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. पुढे कोचीचे ज्यू शिक्षक आले आणि जॉन विल्सन यांच्यासारख्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी, धर्मांतराचा हेतू मनात ठेवून का होईना, हिब्रू शिकवली. लक्षणीय गोष्ट अशी की ग्रंथ मिळताच या समाजाने तो मराठीत आणला. पेसाह म्हणजे मिसरच्या दास्यातून सुटकेचा सण. त्या रात्री वाचायच्या हग्गादा या पुस्तकाची मराठी भाषांतरासह आवृत्ती 1874 मध्ये पुण्यात निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली, आणि 1880 च्या सुमारास तोरातील आख्याने थेट हरिदासी कीर्तनाच्या घाटात गायली जाऊ लागली. पाठ समजला पाहिजे, त्यावर बोलता आले पाहिजे, ही त्यामागची ओढ.

ग्रंथाची दुसरी बाजू लपवण्याचे कारण नाही. इस्रायलमध्ये स्थलांतर केल्यावर, 1960 च्या दशकाच्या आरंभी, तेथील धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत शंका काढली, कारण घटस्फोटाचे व विवाहाचे ग्रंथोक्त नियम त्यांच्या पूर्वजांना ठाऊक नसावेत. आंदोलने झाली आणि 1964 मध्ये सरकार व संसद त्यांच्या बाजूने उभी राहिल्यावर प्रश्न मिटला. शनिवारचा घाणा बंद ठेवून जे टिकले, त्यांच्याकडे पुस्तक बाळगणाऱ्यांनी पुरावा मागितला. हा ग्रंथाचा दोष म्हणण्यापेक्षा त्याचा पहारेकरी म्हणून केलेला वापर म्हणणे न्याय्य. पण जेथे ग्रंथ असतो तेथे हा धोका असतोच.

परदेशातील मराठी मंडळांकडे पाहिले तर सणांची बाजू भक्कम दिसते. गणेशोत्सव तिथीऐवजी जवळच्या शनिवार-रविवारी झाला म्हणून काही बिघडत नाही. मुलांना आरती येते, मोदक येतो, ढोल-ताशा येतो. कोकणातील दाखला खरा मानला तर एवढ्यावर समाज पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकतो, आणि ‘ग्रंथाअभावी आपण विरघळून जाऊ’ ही चिंता अनाठायी ठरते. नाही ती गोष्ट निराळी: आपल्याला न पटणारे, न रुचणारे असे काही ठरावीक क्रमाने सर्वांसमोर वाचण्याची सक्ती. कार्यक्रम समिती निवड करते, आणि समिती नेहमी रुचेल तेच निवडते. श्रद्धेचे बळ नसेल तर अशी सक्ती कोण सोसेल, हा आक्षेप वजनदार आहे. तथापि चातुर्मासात रोज एक अध्याय, कंटाळवाणा असला तरी न गाळता, वाचण्याची सवय मराठी घरांना परकी नाही. पोथीवाचनात वाचकाने शंका काढावी अशी अपेक्षा नसते, एवढाच अडथळा.

ज्यू रीतीत तेरा वर्षांच्या मुलाला प्रौढ मानतात आणि त्या सुमारास येणाऱ्या शब्बाथला सभेपुढे वाचायला उभे करतात. पुष्कळ ठिकाणी त्याने त्या आठवड्याच्या पाठावर चार शब्द बोलावे अशीही अपेक्षा असते. कोणता पाठ वाट्याला येईल हे जन्मतारीख ठरवते. एखाद्याच्या नशिबी समुद्र दुभंगण्याचा प्रसंग येतो, तर एखाद्याला घराच्या भिंतीवर चढलेली बुरशी, ती तपासायला येणारा याजक आणि उपटून गावाबाहेर टाकायचे दगड यांवर बोलावे लागते, आणि तो बोलतो. तुकोबांच्या गाथेतील किंवा लीळाचरित्रातील पाने क्रमाने घेऊन, ज्या आठवड्याला जे पान येईल ते मंडळातील एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीपुढे ठेवावे आणि तिला त्यात काय खटकले ते तिने मोठ्यांदेखत सांगावे, याला सभागृहाचे भाडेसुद्धा लागत नाही. लागेल ते एवढेच, की समितीने निवडीचा हक्क सोडावा आणि मुलीचे बोलणे मध्येच तोडू नये.