महाविहाराचे भग्न चित्रही भिंतीवर हवे

परदेशातील आपल्या अनेक घरांत बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी बुद्धगयेच्या महाबोधी महाविहाराचे रंगीत छायाचित्र असते: स्वच्छ, रेखीव, दिव्यांनी उजळलेले. त्याच्या शेजारी त्याच विहाराचे एकोणिसाव्या शतकातील तपकिरी छायाचित्रही लावावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

जीर्णोद्धारापूर्वीच्या त्या चित्रात वैभव नाही. सुमारे ५० मीटर उंचीच्या शिखराचा गिलावा झडला आहे, दर्शनी भाग ढासळला आहे आणि आज दिसणारी चार कोपऱ्यांतील लहान शिखरे तेथे नाहीत. पाहुण्यांना ते उदास वाटेल. मला ते अधिक प्रामाणिक वाटते. आपला वारसा अखंड आपल्या हाती आला, हा गोड गैरसमज ते टिकू देत नाही.

१८८० च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम आणि जोसेफ बेगलर यांच्या देखरेखीखाली विहार पुन्हा उभा राहिला. मूळ रूप ठरविताना अवशेषांत सापडलेली विहाराची एक लहान दगडी प्रतिकृती मार्गदर्शक ठरली. ती घडविणाऱ्या हातांचे नाव कोणाला ठाऊक नाही. पण त्या हातांनी जपलेल्या रूपावरून एवढी मोठी वास्तू सावरली गेली.

१८९१ मध्ये अनागारिक धर्मपाल तेथे पोहोचले आणि विहाराच्या हक्काचा प्रश्न जगासमोर आला. १९४९ च्या कायद्याने नेमलेल्या व्यवस्थापन समितीत बौद्ध आणि हिंदू सदस्यांची संख्या समान ठेवली गेली. संपूर्ण व्यवस्थापन बौद्धांकडे असावे, ही मागणी आजही कायम आहे. विटा सांधल्या गेल्या, हक्काची भेग मात्र बुजलेली नाही. रंगीत चित्र पाहून काम संपल्यासारखे वाटते. तपकिरी चित्र उरलेल्या कामाची आठवण देते.

आणखी एक विनंती. आपल्या आजी-आजोबांची छायाचित्रे मोजकीच आहेत. छायाचित्र काढून घेण्याची ऐपत तेव्हा किती जणांची होती? जी उरली आहेत, त्यांच्या मागे नाव, गाव आणि साल आजच लिहून ठेवा. सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. उद्या आपल्या नातवंडांना स्वतःचा इतिहास उभा करायचा असेल, तेव्हा तो कागदाचा तुकडाच त्यांची दगडी प्रतिकृती ठरेल.

जय भीम.